क्षमा झाली, पण उरीयाचं काय?

निवडणुका जवळ आल्या की कोकणात वाल्मिकींचं अमाप पीक येतं. कालपर्यंत ज्याच्या नावाने सभा गाजवल्या, फायली नाचवल्या, तोच आज गळ्यात हार घालून स्टेजवर बसलेला असतो. कुणी विचारलंच तर उत्तर तयार: ‘अहो, वाल्याचासुद्धा वाल्मिकी झालाच ना!’ वाल्या अंगावर वारूळ चढेपर्यंत बसला होता, हे सांगायचं राहून जातं. रांजणांचं तर नावच निघत नाही. सात रांजण, आणि प्रत्येक खडा म्हणजे वाटेत मारलेला एकेक माणूस. त्या माणसांच्या घरी पुढे चूल कशी पेटली, हे मी तरी कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही.

आणि त्याच तालुक्यात, दोन डोंगर ओलांडले की, एखादं घर वाळीत असतं. शिमग्याची पालखी वाडीतल्या प्रत्येक अंगणात नाचते, त्या एका अंगणासमोरून मात्र खांदेकरी पाय उचलून पुढे जातात. गणपतीत आरतीला कुणी येत नाही. दुकानदार मीठ देत नाही. घरात मयत झालं तर खांद्याला माणूस मिळत नाही. त्या घराशी बोलताना कुणी दिसला तर त्यालाही दंड. चाकरमान्यांच्या मुंबईतल्या मंडळापर्यंत निरोप जातो, म्हणजे तिथेही दार बंद. गुन्हा काय म्हणाल, तर कधी खरोखर काही केलेलं असतं, पुष्कळदा काहीच केलेलं नसतं.

म्हणजे वजनदार माणसाला न मागता माफी, आणि बिनवजनाच्या माणसाला मागूनही नाही. या दोन्ही गोष्टींना देवाधर्माचा टेकू दिला जातो, म्हणून मला बायबलबद्दल लिहावंसं वाटतं. घोर पाप्यांवर देवाने केलेल्या कृपेच्या गोष्टी त्या ग्रंथात जितक्या ठासून भरल्या आहेत तितक्या क्वचित कुठे असतील. आणि त्या वाचून माझं मत असं झालं आहे की कृपा म्हणजे मिटवामिटवी नव्हे. पाप्याला आत घेणं आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव जागेवर ठेवणं, ही दोन्ही कामं एकदम करावी लागतात. आपण त्यातलं सोयीचं एकच करतो.

बायबल इथे परकं, असं कुणी म्हणू नये. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, परंपरा सांगते. तेल गाळणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसं, गावाने त्यांना ‘शनिवार तेली’च म्हटलं. एकोणिसाव्या शतकात याच समाजाने बायबलमधल्या आख्यानांवर मराठीत कीर्तनं रचली. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापलं गेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक जन्मले ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ तर आपल्या डोळ्यांदेखत आलं. दावीद आणि योना या किनाऱ्यावर मराठी बोलत आले आहेत, तेव्हा त्यांच्याशी मराठीत भांडायलाही हरकत नसावी.

प्रवचनांत एक यादी हटकून ऐकू येते. नोहा दारू पिऊन पडला, याकोबाने आंधळ्या बापाला फसवलं, राहाब वेश्या होती, पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, पौलाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला, दाविदाने व्यभिचार केला. तरी देवाने त्यांचा उपयोग करून घेतला, मग तुमचा का नाही करणार? ऐकणाऱ्याला बरं वाटतं. बरं वाटायलाही हरकत नाही. पण त्या यादीत दाविदाच्या नावापुढे ‘व्यभिचार’ एवढंच लिहिलं की खून गाळला जातो, आणि गोष्ट तर मुख्यतः खुनाची आहे.

बायबलमधल्या दुसऱ्या शमुवेल या पुस्तकाचा अकरावा अध्याय सावकाश वाचावा. सैन्य वेढ्यावर गेलेलं, इस्राएलचा राजा दावीद घरी. संध्याकाळी गच्चीवरून त्याला एक बाई न्हाताना दिसते. चौकशी होते: ही उरीया हित्तीची बायको बथशेबा. राजा माणसं पाठवून तिला आणवतो. तिला विचारलं की नाही, याची नोंद नाही. त्या अख्ख्या अध्यायात तिच्या तोंडी एकच वाक्य आहे, तेही निरोपातून आलेलं: मला दिवस गेले आहेत. मग दावीद उरीयाला रणातून बोलावून घेतो, घरी जा, पाय धू, म्हणतो. तो जात नाही. माझे सोबती उघड्या मैदानात तळ देऊन पडलेत आणि मी घरी जाऊन खाऊ-पिऊ, बायकोजवळ निजू? दुसऱ्या दिवशी राजा त्याला दारू पाजतो, तरी तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांत झोपतो. शेवटी सेनापती यवाबाला पत्र जातं: याला लढाईच्या तोंडावर ठेवा आणि मागे सरा. पत्र नेतो कोण? उरीयाच. स्वतःच्या मरणाचा हुकूम मुठीत घेऊन तो प्रामाणिकपणे चालत जातो.

तो पडतो, त्याच्याबरोबर आणखीही काही सैनिक पडतात, आणि राजाचं उत्तर येतं: वाईट वाटून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते, उद्या त्याला. सरकारी खुलासे वाचण्याची सवय असलेल्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटेल. घटना दुर्दैवी आहे, कुणाचा दोष नाही, कामाला लागा.

इथे नाथान संदेष्टा येतो आणि गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे खंडीभर मेंढरं, गरिबाकडे एकच कोकरी, पोटच्या पोरीसारखी वाढवलेली, त्याच्याच ताटातलं खाणारी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची कोकरी उचलून रांधली. दावीद संतापतो: असल्या माणसाला मरणच पाहिजे, आणि त्याने कोकरीच्या चौपट भरून दिलं पाहिजे. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. यानंतर राजा ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं’ असं कबूल करतो, आणि क्षमा होते, लगेच, त्याच वाक्याच्या पाठीवर. पण तलवार तुझ्या घरातून हलणार नाही, हेही त्याला सांगितलेलं असतं, आणि पुढे अम्नोन, अबशालोम या त्याच्या मुलांच्या रूपाने ते खरं होतं. देहदंड माफ झाला, परिणाम माफ झाले नाहीत.

या गोष्टीत मला दोन गोष्टी पटत नाहीत, आणि भाविकांनी रागावू नये. बथशेबेचं तान्हं मूल मरतं, बापाच्या पापापायी. हे मला कुठल्याही भाष्याने समजावून सांगता आलेलं नाही. आणि स्तोत्र ५१, जे दाविदाचं पश्चात्तापाचं स्तोत्र म्हणून गायलं जातं, त्यात ‘तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं’ असं आहे. केवळ देवाविरुद्ध? मग जमिनीत पुरलेल्या उरीयाचं काय? सगळा व्यवहार देव आणि राजा यांच्यातच मिटला तर गरिबाची कोकरी पुन्हा एकदा चोरली जाते.

पण बायबलनेच ती फट अशी सोडलेली नाही. दाविदाच्या निवडक वीरांची यादी दुसऱ्या शमुवेलच्या तेविसाव्या अध्यायात आहे, त्यातलं शेवटचं नाव: उरीया हित्ती. पुढे मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ लिहिली. तिथे दाविदाचा मुलगा शलमोन याच्या आईचं, बथशेबेचं, नाव यायला हवं होतं. मत्तय लिहितो, दाविदाला ‘उरीयाच्या बायकोपासून’ शलमोन झाला. ती तोवर दाविदाची राणी होऊन, राजमाता होऊन गेलेली, तरी मेलेल्या परदेशी शिपायाचं नाव थेट ख्रिस्ताच्या कुळात नोंदलं गेलं. ज्या वंशाला देवाने मोठं केलं त्याच वंशाच्या कागदावर हा डाग कायम ठेवला, खोडरबर वापरला नाही. मला कृपेची कसोटी इथे दिसते. आपल्याकडे नेता पक्षात आला की पहिलं काम कुठलं होतं? जुनी फाईल गहाळ.

मनश्शेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. यरुशलेममध्ये ५५ वर्षं राज्य करणारा, पोटचं मूल अग्नीत होमणारा राजा. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात तो कैदी होऊन बाबेलात जातो, तिथे देवाला शरण जातो आणि देव त्याला राज्य परत देतो. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात या पश्चात्तापाचा शब्दही नाही. तिथे उलट म्हटलं आहे की त्याने निर्दोषांच्या रक्ताने यरुशलेम भरून टाकलं आणि परमेश्वर ते माफ करायला तयार नव्हता. एकाच ग्रंथात दोन निकाल, शेजारी शेजारी. संकलन करणाऱ्यांना एक पुस्तक सोयीने वगळता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. मनश्शेने गुडघे टेकले हे खरं, आणि ज्यांचं रक्त सांडलं त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही हेही खरं.

आता जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार, रोमी सरकारसाठी वसुली करणारा, वर स्वतःचं उकळणारा, गावाने मनातून कधीच वाळीत टाकलेला. बुटका, म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू थांबून म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे. लोक कुरकुरतात: हा पापी माणसाच्या घरी उतरला! कोकणातल्या वाचकाला या कुरकुरीचा अर्थ फोडून सांगायला नको. कुणाच्या घरी पाणी प्यायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं, याच्यावरच तर गावकी चालते.

आणि क्रम बघा. येशू आधी घरी जातो, नंतर जक्कय उभा राहून म्हणतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्या कुणाला मी लुबाडलं असेल त्याला चौपट परत. चौपट! मेंढरू चोरून कापलं तर चार द्यावीत, हा बायबलच्या निर्गम या पुस्तकातला जुना कायदा. दाविदाने हीच शिक्षा संतापून त्या काल्पनिक श्रीमंताला ठोठावली होती, स्वतः मात्र भरू शकला नाही, कारण घेणारा मेला होता. जक्कयाचे घेणारे जिवंत होते, त्याने भरलं. आधी दार उघडलं म्हणून भरपाई शक्य झाली, आणि भरपाई झाली म्हणून उघडलेल्या दाराला अर्थ आला.

आपल्या गावकीत काय होतं? वाळीत टाकलेल्याला परत घ्यायचं तर दंड भरायचा, माफी मागायची. दंड जातो कुठे? गावकीच्या फंडात. सभामंडपाच्या पत्र्याला, जत्रेच्या नाटकाला. ज्याचं खरोखर नुकसान झालं असेल त्याच्या हातात त्यातला रुपयाही पडत नाही. जक्कयाचे पैसे यरीहोच्या उत्सव कमिटीकडे गेले नव्हते. आणि राजकारणातल्या आपल्या नव्या वाल्मिकींना तर दंडही नाही. त्यांना पत्रकारांनी पुढल्या वेळी ‘तुमचं मतपरिवर्तन कधी झालं’ हे विचारू नये. ते गाडीत बसल्यावर झालेलं असतं. चौपट कुणाकुणाला दिले, नावं सांगा, एवढंच विचारावं.

ज्यांनी काहीच केलेलं नाही त्यांचा प्रश्न वेगळा, तो इथे मिसळू नये. वर्गणी दिली नाही, जातीबाहेर लग्न केलं, पंचांचा निवाडा झुगारून कोर्टात गेला, दुसऱ्याला मत दिलं, यात क्षमा करण्यासारखं काय आहे? रायगडातल्या तक्रारी याच तऱ्हेच्या कारणांनी गाजल्या. तिथे कृपेची भाषा बोलणं म्हणजे उलट अपमान. तिथे कायदा पाहिजे, आणि तो आहे. १९४९ साली मुंबई राज्याने केलेला बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात रद्द ठरवला होता. त्यानंतर अर्धशतक गेलं आणि २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने नवा कायदा संमत केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंचांनी हे पाठ करावं.

पण खऱ्या दोषी माणसालाही वाळीत टाकू नये, असं माझं म्हणणं आहे, आणि इथे वाचक अडेल याची मला कल्पना आहे. चोराला, मारकुट्याला, बाईवर हात टाकणाऱ्याला आम्ही पंगतीला घ्यायचं? तुरुंगात पाठवा, खुशाल पाठवा. पण काइनाची गोष्ट वाचा. सख्ख्या भावाचा खून, बायबलमधला पहिलाच. देव त्याला देशोधडीला लावतो. तो म्हणतो, जो भेटेल तो मला मारून टाकेल. तेव्हा देव त्याच्यावर खूण करतो ती कलंक लावायला नाही, कुणी त्याला ठार करू नये म्हणून. शिक्षा आहे, आणि शिक्षेला कुंपणही आहे. वाळीत टाकण्याला कुंपण नसतं. ते बायकोवर जातं, शाळेतल्या पोरावर जातं, म्हाताऱ्या आईच्या तिरडीपर्यंत जातं.

आणि जिथे प्रकरण बाई-पुरुषाचं असतं तिथे एकाच घराला वाळीत टाकलं जातं, बहुधा तिच्या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचार करताना धरलेल्या बाईला आणलं आहे. ‘करताना’ धरली, तर पुरुष कुठे आहे? त्याला कुणी आणलेलं नाही. येशूने दगड खाली ठेवायला लावले ते नेमके अशा जमावाला.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावर मात्र क्षमेची सक्ती करू नये. हे मी ठासून लिहितो, कारण चर्चमध्ये, देवळात, घरात सगळीकडे हा दबाव येतो. मोठं मन कर, सोडून दे, देवानेही माफ केलंय. जगभर चर्चमधल्या अत्याचारांची प्रकरणं दडपली गेली त्यात या गुळगुळीत क्षमेचा वाटा मोठा होता. जक्कयाच्या घरी जेवायला येशू गेला, लुबाडलेल्यांना कुणी पानावर बसवलं नाही. याकोबाने फसवलेल्या भावाने, एसावाने, त्याला धावत जाऊन मिठी मारली, पण ती त्याची त्याने, वीस वर्षांनी, आणि फसवणारा भाऊ शेळ्यामेंढ्यांचे कळप पुढे पाठवून जमिनीपर्यंत वाकत वाकत आला तेव्हा. मध्ये पंच नव्हते. इथल्या बेने इस्रायलांच्या घरी योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दारं लावून, उपास करून बसायची रीत होती. त्या दिवसाबद्दलचा मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथातला जुना दंडक असा, की माणूस आणि देव यांच्यातली पापं हा दिवस धुतो, माणूस आणि माणूस यांच्यातली नाही, शेजाऱ्याचं समाधान करेपर्यंत नाही. अष्टागराच्या किनाऱ्यावर हा विचार शेकडो वर्षं नांदला. आपण त्यांचं तेल घेतलं, हे घ्यायचं राहिलं.

सिंधुदुर्गात गाऱ्हाणं घालताना सगळा गाव एका सुरात म्हणतो, ‘काय चुकला-माकला असात तां सांभाळून घे... व्हय म्हाराजा!’ गावाला स्वतःसाठी कृपा हवी असते आणि ती हक्काने मागितली जाते. याफोहून गलबतात बसलेल्या योनाचंही तेच: माशाच्या पोटातून स्वतः सुटला, पण ज्या निनवे शहराला देवाच्या शिक्षेचा इशारा द्यायचा होता ते वाचलं म्हणून रुसून बसला. त्या गोष्टीत मला योनापेक्षा खलाशी आवडतात. वादळ योनामुळेच आलं हे चिठ्ठ्या टाकून कळलेलं, हा स्वतः सांगतोय मला समुद्रात टाका, तरी ते आधी जीव तोडून वल्हवत किनारा गाठायला बघतात. दर्यावर्दी माणसं. माणूस बाहेर फेकण्याआधी सगळे उपाय करायचे, ही त्यांची रीत.

उपाय आपल्याकडेही आहे, निदान कागदावर. २००७ साली राज्य सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, गावोगाव समित्या झाल्या, तंटामुक्त झालेल्या गावांना बक्षिसाची रक्कम मिळू लागली. कल्पना चांगली होती. पण बक्षीस मिटलेल्या तंट्यांकडे बघून मिळायचं म्हटल्यावर तंटे ‘मिटवण्या’कडे कल गेला नाही तरच नवल. तक्रारदाराला चहा पाजून, हातात हात देऊन फोटो काढून तंटा मिटतो. माझं म्हणणं एवढंच की समितीच्या तडजोडनाम्यात कोणी काय केलं ते स्पष्ट लिहिलं जावं, नुकसान झालेल्याला काय आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळणार ते लिहिलं जावं, आणि ते मिळाल्यानंतर त्या घरावर कसलाही बहिष्कार राहणार नाही, पालखी अंगणात येईल, हेही त्याच कागदावर यावं. गंभीर गुन्हा असेल तर समितीने हात लावू नये, पोलिसांकडे जावं. आणि ज्याला सही करायची नसेल त्या तक्रारदाराला दुसऱ्या दिवशी नाक्यावर कुणी ‘काय, अजून तुझं चाललंच आहे का’ असं विचारू नये.